आत्याचा दुसरा ट्यूबा

माझ्या आत्यानं आयुष्यात तीन ट्यूबा बाळगले. पहिला कुणालाच नको होता म्हणून तिच्याकडे आला. दुसरा तिनं स्वतः निवडला. तिसरा तिला घ्यायला लावला. पहिल्याबद्दल ती हसून बोलते, तिसऱ्याबद्दल फारसं बोलतच नाही आणि दुसऱ्याचा विषय निघाला की हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात आपटते. म्हणून ही गोष्ट मुख्यतः दुसऱ्याची.

ट्यूबा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पितळेचं वाद्य, दहा किलोच्या आसपास. गुडघ्यावर बसवून कवेत घ्यायचं. नळ्यांची गुंतवळ, बोटांखाली दाबायचे तीन-चार व्हॉल्व्ह आणि वर मोठ्या कढईएवढं तोंड. बाकीची वाद्यं गातात, हे खालून आधार देतं. वाजत असतं तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, थांबलं की गाणं पोकळ वाटतं.

आत्या बारा वर्षांची होती तेव्हा आजोबांच्या कारखान्यात कामगारांच्या मुलांसाठी बँड निघाला. बाबा तिच्याहून दोन वर्षांनी मोठे. दोघं भावंडं एकाच दिवशी गेली. बाबांना चकचकीत ट्रंपेट मिळाला. आत्याला क्लॅरिनेट हवा होता. बँडमास्तर म्हणाले, "संपले सगळे. तो कोपऱ्यातला उरलाय, बघ उचलतो का."

उचलला. त्याच्या दुसऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग गेली होती, तिथं रबरबँड बांधलेला असायचा. एक ठरावीक सूर त्यातून निघायचाच नाही, तर आत्या तेवढा सूर तोंडानं गुणगुणायची आणि पुढं वाजवायची. आजोबांनी त्याचं नाव रांजण ठेवलं होतं. "रांजण भरून झाला का? मग जेवायला या," असं ते खालून ओरडायचे. बाबांचा ट्रंपेट तीन महिन्यांत सुटला. आत्याचा रांजण काही सुटला नाही. पुढं कारखाना बंद पडला, बँड मोडला, आणि बँडमास्तरांनी ज्याच्या हातात जे होतं ते त्यालाच देऊन टाकलं.

मोठी झाल्यावर आत्या चष्म्याच्या दुकानात लागली. मागच्या खोलीत काचा घासायचं काम. नंबरप्रमाणं काच घासायची, मग कडा फ्रेमच्या मापाला आणायच्या. डोळ्यात तेल घालून करायचं काम, आणि आत्याला ते आवडायचं. तिथं चार वर्षं काढल्यावर तिनं दुसरा ट्यूबा घेतला.

वाद्यं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे कुणीतरी तो टाकून गेलं होतं. आत्या रांजणाची स्प्रिंग बघायला म्हणून गेली आणि दुपारभर तिथंच बसून राहिली. ती सांगते, "पहिला सूर लावला नि बाकाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. मी उठून खाली वाकून बघितलं, खरंच." त्याच्या तिसऱ्या व्हॉल्व्हच्या बटणावरचा शिंपल्याचा तुकडा पडलेला होता, बोटाला नुसतं पितळ टोचायचं. आत्यानं दुकानातल्या एका जाड भिंगाचा तुकडा घासून, गोल करून तिथं बसवला. असा बसला की नखसुद्धा अडकायचं नाही. रांजण मिस्त्रीनं सुट्या भागांसाठी ठेवून घेतला.

आता खरी अडचण सुरू झाली. शहरात एक मोठा वाद्यवृंद होता, पगारी. त्यात व्हायोलिनवाले तीस, पण ट्यूबावाला एकच. जगात कुठंही एकच असतो. त्या एका खुर्चीवर जे गृहस्थ बसले होते त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. उंच, ताठ, दोन्ही गाल पेरूसारखे. आत्यानं परीक्षा दिली आणि तिला 'बदली वादक' म्हणून यादीत घेतलं. म्हणजे मोठे साहेब आजारी पडले तर हिनं जायचं.

मोठे साहेब आजारी पडत नव्हते. शहरात तापाची साथ आली, अर्धा वाद्यवृंद अंथरुणाला खिळला, मोठे साहेब मात्र कोट घालून हजर. अकरा वर्षांत आत्याला दोनदा बोलावणं आलं. एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नाला, आणि एकदा त्यांचं दाराच्या फटीत बोट सापडलं तेव्हा. त्या दुसऱ्या वेळी आत्या धावतपळत पोचली, तर साहेब बोटाला पट्टी बांधून खुर्चीत बसलेले. "चारच बोटं लागतात," ते म्हणाले. "पाचवं शोभेला."

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, आमच्या घरातले सगळ्यात शांत माणूस. ते म्हणायचे, "अगं, निवृत्त होतीलच की एक दिवस."

"तोवर मी निवृत्त होईन," आत्या म्हणायची.

अशात वाद्यवृंदाला नवे संचालक आले. त्यांनी सगळ्या बदली वादकांना बोलावून ऐकलं. आत्यानं वाजवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही वाजवता चांगलं. पण हा आवाज फार जाड आहे. चिखलात गाडी रुतल्यासारखा. मला पातळ, स्वच्छ आवाज हवा. पुढच्या वर्षी साहेब जातायत असं ऐकतो. तेव्हा हलका ट्यूबा असेल तर या."

आत्या घरी आली आणि रात्रीच्या जेवणाला बसलीच नाही. आतोबा म्हणाले, "आधी खुर्ची मिळू दे, मग बदल वाद्य."

"वाद्य असेल तर खुर्ची मिळणार आहे. दोन-दोन ठेवायला आपलं घर आहे का गोदाम?"

ते खरं होतं. दोन खोल्यांचं घर, त्यात एक ट्यूबा हाच तिसरा माणूस. शिवाय नवा घ्यायचा तर जुना विकल्याशिवाय जमणार नव्हतं. मिस्त्रीनं गिऱ्हाईक आणलं, एक लाजरा, किरकोळ माणूस. त्यानं ट्यूबा वाजवूनसुद्धा बघितला नाही. कापडात गुंडाळला आणि घेऊन गेला. तेव्हाच शंका यायला हवी होती, असं आत्या आता म्हणते.

तिसरा ट्यूबा घरी आला. नवाकोरा, हलका, वाजायला सोपा, एकही सूर अडत नव्हता. आतोबा त्याला पाहुणा म्हणायचे, कारण आत्या त्याच्याशी फार सभ्यपणे वागायची.

अकरा महिन्यांनी ते संचालक दुसऱ्या शहरात चांगली जागा मिळाली म्हणून निघून गेले. मोठे साहेब कुठंच गेले नाहीत. आणि जे नवे संचालक आले त्यांनी पहिल्याच सभेत जाहीर केलं, की या वाद्यवृंदाला खालून भरदार आवाज नाही, सगळं कसं पाण्यासारखं पातळ झालंय.

तेल गेलं, तूप गेलं, म्हणतात ना, तशी गत झाली. आत्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेली आणि गिऱ्हाइकाचा पत्ता मागितला. मिस्त्री हातोडी घेऊन एका पत्र्यावर उगाचच ठोकत राहिला. म्हणाला, "ते बाहेरगावचे होते ताई. पत्ता नाही माझ्याकडे."

त्या हंगामाच्या पहिल्या कार्यक्रमाला आत्या मला घेऊन गेली. मी पंधरा वर्षांची होते. आम्ही वरच्या सज्जात बसलो होतो, स्वस्तातल्या जागा. पहिला भाग संपला, दुसरा सुरू झाला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. एकदम तिनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की मी ओरडणारच होते.

"काय झालं?"

"तो माझा आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"ट्यूबा. ऐक ना. ऐक!"

मला काय ऐकू येणार? पण आत्या उभी राहिली, मागच्या बाईनं "अहो, बसा ना" म्हटलं तरी उभीच. खाली स्टेजवर मोठे साहेब वाजवत होते. त्यांनी बोटं उचलली तेव्हा तिसऱ्या व्हॉल्व्हवर दिव्याचा प्रकाश पडून एक ठिपका चमकला. शिंपला असा चमकत नाही. काच चमकते.

कार्यक्रम संपायची वाट न बघता आत्या खाली गेली, मी तिच्या मागं. कलाकारांच्या खोल्यांकडे जाणारा लांबलचक बोळ होता, भिंतीला टेकवून ठेवलेल्या रिकाम्या पेट्या. तिथं ती अर्धा तास उभी राहिली. मोठे साहेब आले, काखेत ट्यूबा. तिला बघून ते थांबले. पळवाट नव्हती, आणि ते पळणाऱ्यांतले नव्हतेही.

"हा माझा आहे," आत्या म्हणाली.

"होता."

"तुम्ही माणूस पाठवलात."

"मी स्वतः आलो असतो तर तू मला विकला असतास?"

"मुळीच नाही!"

"मग?" त्यांनी खांदे उडवले. "चोरला नाही. बाजारात आला, घेतला. मला एकदाच ऐकायला मिळाला होता. दारामागं उभा राहून ऐकला होता मी, मुलीच्या लग्नातून तासभर येऊन. तेव्हापासून डोळा होता. वर्षभर घरीच ठेवला, आज पहिल्यांदा बाहेर काढला."

"संचालकांनी सांगितलं म्हणून विकला मी. पातळ आवाज पाहिजे म्हणाले."

"संचालक येतात नि जातात," मोठे साहेब म्हणाले. "मी सहा बघितले. त्यांच्या सांगण्यावरून कोट बदलावा. वाद्य बदलू नये."

घरी येताना सगळ्या रस्त्यात ती एकच वाक्य म्हणत होती, "आणि वर मलाच शिकवतोय!" मला वाटतं, त्यांचं म्हणणं खरं होतं हीच तिची खरी चिडचिड होती. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

यानंतर दोनेक वर्षांनी जे झालं ते आत्यानं कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. एका सकाळी दुकानाचे मालक मागच्या खोलीत कागद घेऊन आले. जाड नंबर होता, शिवाय मागणी विचित्र. गिऱ्हाइकाला बरोब्बर हाताच्या अंतरावरचा कागद दिसायला हवा होता, त्याहून जवळचं नको, लांबचंही नको. स्वरलिपी लावायच्या स्टँडचं अंतर ते. आत्यानं कागदावरचं नाव वाचलं आणि पडद्याच्या फटीतून पुढं बघितलं. मोठे साहेब खुर्चीत बसून होते, भिंतीवरची अक्षरं वाचायला डोळे बारीक करत.

त्यांना कागद दिसत नव्हता. म्हणजे खुर्ची जात होती. नंबरात चिमूटभर फरक, कुणाला कळलंही नसतं. गिऱ्हाइकानं दोनदा येऊन तक्रार केली असती, मालकांनी डोळ्यांच्या डॉक्टरांवर ढकललं असतं, तोवर हंगाम गेला असता.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय? हात चालेना तसा. वीस वर्षं बरोबर घासायची सवय. वाकडं घासायला वेगळं शिकावं लागतं."

आठवड्यानं साहेबांनी चष्मा चढवला, खिशातून एक स्वरलिपीचा कागद काढून हातभर लांब धरला आणि मालकांना म्हणाले, "आयुष्यात इतका स्वच्छ चष्मा मिळाला नव्हता." त्या चष्म्यावर ते आणखी चार वर्षं वाजवत राहिले. आत्या म्हणते, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेवटी त्यांच्या हातांनीच माघार घेतली. ट्यूबा उचलताना खांदा निखळला आणि डॉक्टरांनी बंदी घातली. निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी ते आत्याच्या दारात आले. खाली हातगाडीवर कापडात गुंडाळलेला ट्यूबा. जिने चढून त्यांना दम लागला होता. आतोबांनी पाणी दिलं.

"घेऊन टाक," ते आत्याला म्हणाले. "पैशांचं बोलू नकोस. खुर्चीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. याच्यावर दे."

आत्या दारातच उभी होती, हाताची घडी घालून. "नको."

"अगं!" आतोबा म्हणाले.

"नको म्हटलं ना. मी माझ्या वाद्यावर देईन."

"हाच तुझा ट्यूबा आहे," मोठे साहेब म्हणाले.

"होता."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि हळूहळू जिना उतरून गेले. हातगाडीची चाकं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होती. आतोबा आयुष्यात पहिल्यांदा आत्यावर ओरडले, "काय मिळवलंस तू आत्ता?" आत्या स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आत काय केलं माहीत नाही, पण त्या दिवशीचं जेवण आतोबांनी केलं.

परीक्षा पडद्याआडून झाली. सातजण आले होते. आत्यानं तिसऱ्या ट्यूबावर, त्या पाहुण्यावर, वाजवलं आणि तिला खुर्ची मिळाली. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. पहिल्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो, बाबा तर नवा शर्ट घालून. कार्यक्रमातल्या मुख्य रचनेत ट्यूबाला तीन भाग काहीच काम नव्हतं. आत्या पाऊण तास ताठ बसून मनातल्या मनात मोजत होती, ओठ हलताना दिसत होते. चौथ्या भागात तिनं चौदा सूर वाजवले. बाबा त्याआधीच झोपले होते. मी कोपरखळी मारली तोवर तेरा झाले होते.

ती नऊ वर्षं त्या खुर्चीत बसली. वाईट गेली असं नाही. पण संचालक तिच्याकडे बघून डावा हात वर, वर, करत राहायचे. अजून, अजून भरदार. तिच्या फुप्फुसात हवा होती, पाहुण्यात नव्हती. घरी येऊन ती मुळा किसायला घेतल्यासारखी व्हॉल्व्ह घासायची.

दुसऱ्या वर्षीच मोठे साहेब गेले. आत्यानं महिना जाऊ दिला, मग त्यांच्या मुलीला भेटायला गेली. मुलगी म्हणाली, "ट्यूबा? ते शेवटी म्हणाले होते, तुम्हाला पुन्हा एकदा विचारावं. पण तुम्ही नकोच म्हणाला होतात ना? मग मी एका शाळेला देऊन टाकला."

शाळा बसनं दोन तासांवर होती. आत्यानं पत्र पाठवलं, उत्तर नाही. फोन केला, तर ट्यूबा ठेवून घेणाऱ्या बाई बदलून गेलेल्या. मग काम, मग आतोबांचं गुडघ्याचं दुखणं. जाऊ जाऊ म्हणता सात वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर पुढच्याच सोमवारी ती मला म्हणाली, "चल."

ट्यूबा जिन्याखालच्या खोलीत होता, मोडक्या बाकांच्या मागं. कुठल्याशा नाटकासाठी कुणीतरी त्याला पांढरा ऑइलपेंट फासला होता. आतून, बाहेरून, बटणांवरून, व्हॉल्व्हच्या फटींतून. आत्या त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि नखानं बटणावरचा रंग खरवडू लागली. मग म्हणाली, "एवढ्याला हात धुवून मागं लागले होते मी."

मुख्याध्यापिका भल्या होत्या. "नाही हो, देता येत नाही," त्या म्हणाल्या. "साहित्याच्या यादीत आहे. नंबर पडलाय त्याला."

"पण वाजत नाही तो. अडगळीत आहे."

"अडगळीतलं असलं तरी यादीत आहे ना. भंगारात काढायचा तर वरून मंजुरी लागते. आणि भंगारात निघाला की तो तुम्हाला नाही, भंगारवाल्याला द्यावा लागतो."

"दुरुस्तीला नेते. परत आणून देते."

"आवाराबाहेर नेता येत नाही."

आत्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता ही टेबल उलटं करते. ती म्हणाली, "आवारात केली तर?"

मुख्याध्यापिकांनी एक जाड फाईल काढली, पुढं-मागं उलटली, आणि जरा नवल वाटल्यासारखं म्हणाल्या, "त्याला काही मनाई दिसत नाही."

तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी आत्या जाते. मी जमेल तेव्हा सोबत असते. पिशवीत रंग काढायचं द्रावण, चिंध्या, दात घासायचे जुने ब्रश, आणि मिस्त्रीनं दिलेलं पातळ तेल. मिस्त्री आता म्हातारा झालाय. त्यानं तेल देताना आत्याच्या डोळ्यांत बघितलं नाही आणि पैसेही घेतले नाहीत. जिन्याखाली उजेड कमी, त्यामुळं खिडकीशी बाक ओढून काम करावं लागतं. पहिल्या चार खेपांत नुसता बाहेरचा रंग निघाला. पाचव्या खेपेला पहिला व्हॉल्व्ह हलला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटला असणार, कारण सहाव्या खेपेला तिथूनच सुरुवात. आत्यानं त्या ट्यूबाला, रंगाला, नाटकाला, नाटक बसवणाऱ्याला, स्वतःला आणि सोळा-सतरा वर्षांपूर्वीच्या त्या पातळ आवाजवाल्या संचालकांना अशा काही शिव्या दिल्या, की मी उठून दार लावलं.

मागच्या शनिवारी तिन्ही व्हॉल्व्ह खाली गेले आणि वर आले. आत्यानं पिशवीतून तोंडाला लावायचं माउथपीस काढलं, बसवलं, ट्यूबा गुडघ्यावर ओढून घेतला. दोनदा फुंकर मारली, नुसती हवा. तिसऱ्यांदा सूर लागला. खालचा, लांब. खिडकीची काच थरथरली आणि बाकावरचा ब्रश घरंगळून खाली पडला. आत्याचे डोळे मिटलेले होते.

दार उघडून एक तरुण शिक्षक आत आला. "अहो, काय चाललंय? वर परीक्षा सुरू आहे! मुलं हसतायत सगळी."

आत्यानं डोळे उघडले. "एक मिनिट. एकच सूर अजून—"

"परीक्षा संपल्यावर या."

"कधी संपते?"

"तीन आठवड्यांनी."

परतीच्या बसमध्ये आत्या पहिला तासभर खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा जबडा हलत होता. मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "तिसरा व्हॉल्व्ह वर येताना जरा अडखळतो. याहून पातळ तेल मिळतं का बघ तुझ्या त्या फोनवर."